खातो तर भरपूर, मग जातं कुठे?

याही महिन्यात "वजन कमी कसं करू"वाली पत्रं ढीगभर आलीत. खरं सांगू का, मला त्यांचा जरा कंटाळा आलाय, त्यांना दिवाळीनंतर घेते, तसंही दिवाळीनंतर अजून ढीग येणारच आहे. यावेळी उलटीकडची तीन पत्रं घेतलीयेत. ज्यांचं वजन नको असताना उतरतंय त्यांच्याकडे कुणी लक्षच देत नाही, "नशीबवान आहेस बाबा" म्हणून लोक मोकळे होतात.

प्रश्न : ताई, मी बदलापूरला राहतो, वय २७. लिफ्ट मेंटेनन्समध्ये आहे, ड्युटी लोअर परेल-प्रभादेवीच्या टॉवर्समध्ये, दिवसभर जिने आणि मशीन रूम. जूनपासून रनिंग चालू केलंय, जानेवारीत हाफ मॅरेथॉन करायचीय. काम सुटलं की दादरला मित्रांबरोबर पळतो, आठवड्याला साधारण ३५ किलोमीटर होतात. जूनमध्ये वजन ६१ होतं, आता ऑक्टोबरमध्ये ५७ आहे, उंची ५ फूट ७ इंच. सकाळी सव्वापाचला चहा-बिस्किटं, दुपारी दीडला डब्यात ४ पोळ्या, भाजी, उसळ, संध्याकाळी एक वडापाव, रात्री दहाला ४ पोळ्या, भाजी, वरण-भात, २ अंड्यांचं ऑम्लेट. मधे मधे चहा होतोच चार-पाच वेळा. म्हणजे खातो तर भरपूर! आई रोज एक पोळी जास्त वाढते, ती जात नाही, मग त्यावरून आमचं वाजतं. गावची मावशी आली होती ती तर थेट म्हणाली, काय रे, काही लपवतोयस का. मित्र म्हणतो मास गेनर घे, वजन वाढवायची पावडर, साडेतीन हजारांचा डबा आहे. घेऊ का?

उत्तर : तुला अरेतुरे करते, माझ्या मुलाच्या वयाचा आहेस. आधी तुझं कौतुक की तू काय काय खातोस ते नीट लिहिलंस, बाकीचे लोक नुसतं "सगळं खातो" लिहितात आणि त्यातून मी काय समजायचं.

आता हिशोब बघ. तू लिहिलंयस ते सगळं मी कागदावर मांडलं, घरची पोळी साधारण शंभर कॅलरीची धरली, वडापाव तीनशेच्या घरात, चहा साखरेसकट साठ-सत्तर, तर बेरीज अडीच हजाराच्या जराशी खाली येते. वाईट अजिबात नाही. आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, यांचा २०२० चा जो तक्ता आहे त्यात मध्यम मेहनतीच्या पुरुषाला २७१० कॅलरी दिल्यात, पण तो पुरुष ६५ किलोचा. तुझ्या वजनाला तोच आकडा खाली आणला तर चोवीसशेच्या आसपास येतो, म्हणजे मे महिन्यापर्यंत तुझं गणित व्यवस्थित जुळत होतं. घोळ जूनपासून झालाय. पळण्याचा एक ढोबळ नियम असा की एक किलोमीटरला, दर किलो वजनामागे, एक कॅलरी. तुझं वजन ५८ धर, ३५ किलोमीटर, झाल्या आठवड्याच्या दोन हजार, दिवसाला २९०. पळणं वाढलं आणि ताट तेवढंच राहिलं, दुसरं काही नाही.

आता दुसऱ्या टोकाकडून तपासू. ४ किलो गेले ४ महिन्यांत. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. (गेलेलं सगळं चरबीच नसतं, थोडं पाणी, थोडा स्नायू पण जातो, पण हिशोबाला चालेल.) तर झाल्या तीस हजार आठशे, भागिले १२० दिवस, रोजची तूट साधारण २५५. दोन्हीकडून आकडा जवळजवळ तोच येतोय म्हणून मी जरा निश्चिंत आहे. २५५ कॅलरी म्हणजे किती माहितीये? एक केळं आणि मूठभर शेंगदाणे. बस. एवढ्यासाठी मावशीनं तुझ्यावर नाही नाही ते संशय घेतले.

तरी एक गोष्ट, आणि ही मी टाळून पुढे जाणार नाही. सहा महिने-वर्षभरात, आपण ठरवलेलं नसताना, वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं तर डॉक्टरला दाखवायचं असतं, तुझं साडेसहा टक्के उतरलंय. कारण समोर दिसतंय हे खरं, पण दोन आठवड्यांपेक्षा जुना खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घामाने उशी भिजणं, यातलं काही असेल तर पळणं बाजूला ठेव आणि आधी टीबीची तपासणी कर, आपण लोकलमध्ये रोज कुणाच्या तोंडाशी तोंड लावून उभे असतो ते आपल्याला माहिती नसतं. यातलं काहीही नसेल तरी थायरॉइड आणि शुगर एकदा बघून घे, दोन चिमुकल्या नळ्या रक्ताचं काम आहे.

आता मुद्द्यावर येते. तुझ्या आईचं चुकतंय ते इथे की ती रात्रीचं ताट वाढवतेय. रात्री दहाला, दीड तास बदलापूर गाडीत उभा राहून आलेल्या, त्याआधी आठ किलोमीटर पळलेल्या माणसाच्या पोटात पाचवी पोळी जाणारच नाही. जोरात व्यायाम केल्यावर भूक काही वेळ मरते, उकाड्यात तर अजूनच, आणि ऑक्टोबरची मुंबई काय असते ते मी तुला सांगायला नको. तुझ्या पत्रात मला दिसलेली खरी गोष्ट वेगळीच आहे. दीडच्या डब्यापासून रात्री दहापर्यंत साडेआठ तास, त्यात एक वडापाव आणि चहा. आणि सकाळी सव्वापाचपासून दीडपर्यंत, आठ तास, त्यात बिस्किटं आणि चहा. सोळा-सतरा तासांच्या दिवसात तू दोनदाच जेवतोस. भूक लागत नाही असं नाहीये, भूक लागते तेव्हा तू मशीन रूममध्ये असतोस, ती दहा मिनिटं राहते, वर चहा पडतो, मेली.

माझी आजी लालबागला खाणावळ चालवायची, गिरणीतली चौदा-पंधरा माणसं जेवायला. गावाहून नवीन आलेला पोरगा दोन महिन्यांत वाळायचा हे तिला पाठ होतं, सगळेच वाळायचे. ती त्याच्या ताटात काही जास्त घालायची नाही, जे ताट तेच. ती त्याला पाळीवर जाताना फडक्यात बांधून एक भाकरी द्यायची, घडी घातलेली, आत शेंगदाण्याची चटणी आणि चटणीवर कच्चं तेल, इतकं की फडक्याला पिवळा गोल डाग उमटायचा. आणि दम द्यायची की फडकं परत आण, रिकामं. भोंगा झाला की जेवायचं, भूक लागली की नाही हा प्रश्नच नव्हता. मी डाएटचा कोर्स केला त्यात हे सगळं नंतर इंग्रजीत शिकवलं गेलं, मला हसू यायचं.

तर तुझे भोंगे मी लावून देते. मोबाइलमध्ये अलार्म लाव, हसू नको.

पहिला साडेदहाला. साइटवर चहा येतो ना, त्याच्यासोबत दोन शेंगदाण्याचे लाडू, किंवा चिक्की, किंवा नुसते फुटाणे-शेंगदाणे-गूळ. आणि चहा पाचवरून तीनवर आण, जेवणाच्या आगेमागे तासभर तर नकोच, भूक पण मारतो आणि उसळीतलं लोह पण अंगाला लागू देत नाही.

दुसरा साडेचारला, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. डबा दोन कर. दुसऱ्या छोट्या डब्यात आदल्या रात्रीचीच एक पोळी, तूप-गूळ लावून गुंडाळी, नाहीतर साबुदाण्याची खिचडी भरपूर कूट घालून, नाहीतर दहीपोहे. पळण्याआधी दीड-दोन तास मिळतात, पचतं. वडापाव खाऊच नको असं मी म्हणणार नाही, मी परळची आहे, पण तो खाऊन तू लगेच पळतोस आणि पोटात गोळा येतो, येतो की नाही?

तिसरा पळून झाल्यावर, गाडी पकडायच्या आधी. इथे चावून खायला जाऊच नको, इच्छाच होणार नाही. प्यायचं. पातळ पदार्थाने पोट भरल्यासारखं वाटत नाही, वजन उतरवणाऱ्यांना मी त्याच कारणासाठी ज्यूस बंद करते आणि तुला त्याच कारणासाठी चालू करते. दादरला आहेस तर पियूष पी, लस्सी पी, आमच्या लहानपणी आरेच्या स्टॉलवर बाटलीतली एनर्जी मिळायची ती प्यायचो तसं कुठलंही गार दूध पी. आणि केळं तिथेच खा, प्लॅटफॉर्मवर, बॅगेत टाकू नको. बदलापूर लोकलमध्ये बॅगेतल्या केळ्याचं कल्याण यायच्या आत शिकरण होतं.

रात्री मग जेवढं जाईल तेवढं. पाचवी पोळी बंद, आईला माझं नाव सांग. त्याऐवजी त्याच चार पोळ्यांना आणि वरणभाताला मिळून दोन चमचे तूप, नव्वद कॅलरी झाल्या आणि ताट तसूभर पण वाढलं नाही. तुपात ग्रॅमला ९ कॅलरी असतात, पोळीच्या पिठात ४, म्हणून पातळ अंगाच्या माणसाला पोळ्या मोजून काही होत नाही, पोळीला काय लावलंय ते मोजायचं. सोबत काकडी-कोबीचं डोंगराएवढं सॅलड घेत असशील तर ते निम्मं कर, जेवायच्या आधी तांब्याभर पाणी पिऊ नको. हे मी आयुष्यात फार कमी लोकांना सांगितलंय.

प्रोटीनचं विचारलं नाहीस पण सांगते. बसून काम करणाऱ्याला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतं, पळणाऱ्याला १.२ पासून पुढे लागतं, तुला ७० ते ९० ग्रॅम धरायला हरकत नाही. अंड्यात ६, मूठभर शेंगदाण्यात ७-८, म्हशीच्या दुधाच्या ग्लासात ७-८, सोया चंक्सच्या सुक्या ५० ग्रॅममध्ये २५ च्या आसपास. रविवारी बांगडा तळून खातोस ना, त्यात पण चांगलं आहे आणि चरबी पण चांगली आहे, घरात वास येतो म्हणून आई करत नसेल तर तिला पण माझं नाव सांग.

राहिला मास गेनर. त्या डब्यात काय असतं तर बहुतेक करून माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पटकन पचणारं पिष्ट, थोडं दुधाचं प्रोटीन आणि चॉकलेटचा वास. विष नाहीये, पण साडेतीन हजार? पाव लिटर म्हशीचं दूध, एक केळं, दोन चमचे सातूचं पीठ, मूठभर भाजलेले शेंगदाणे, मिक्सरला फिरव, सहाशेच्या आसपास जातं. रविवारी मोठं पळणं असतं त्या दिवशी हे घे, रोज नको, जेवण राहील. उरलेल्या पैशांतून बूट घे, ५०० किलोमीटर झाले असतील आता.

वजन आठवड्यातून एकदाच कर, त्याच दिवशी, सकाळी, पोट साफ झाल्यावर. रोज केलंस तर घामापाण्याने एक-एक किलो इकडेतिकडे होतं आणि उगाच जीव खालीवर. तूट भरली की वजन थांबेल, गेलेले किलो परत हवे असतील तर त्यावर अजून अडीचशे टाकावे लागतील, म्हणजे वरचे तिन्ही भोंगे न चुकता. आणि डिसेंबरात पळणं वाढवशील तेव्हा हा हिशोब पुन्हा मांड, ४५ किलोमीटरला आजचे लाडू पुरणार नाहीत. मॅरेथॉनला माहीमहून सुटलास की थोड्या वेळात सी लिंक आणि नंतर पेडर रोडचा चढ, तिथे उपाशी माणूस लगेच ओळखू येतो.

प्रश्न : नमस्कार ताई. माझी मुलगी १५ वर्षांची, खो-खो खेळते, आम्ही गिरगावला राहतो. शाळा, क्लास आणि ग्राउंड, तिला श्वास घ्यायला वेळ नाही. सरांनी सांगितलं जरा हलकी झालीस तर पळायला सोपं जाईल, तेव्हापासून भात बंद केलाय तिने. वजन तीन किलो कमी झालं. बाराव्या वर्षी पाळी आली, नियमित होती, आता चार महिने आलीच नाही. खेळणाऱ्या मुलींचं होतं असं म्हणे सगळे सांगतात. काळजी करावी का?

उत्तर : हो, करावी. "खेळणाऱ्या मुलींचं होतं असं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की माझं डोकं फिरतं. होतं, हे खरं आहे, बरोबर आहे हे खरं नाही. शरीराला जेवढं लागतंय तेवढं मिळालं नाही की ते एकेक खातं बंद करत जातं, पहिलं बंद होतं ते पाळीचं. आणि पाळी बंद म्हणजे इस्ट्रोजेन कमी, इस्ट्रोजेन कमी म्हणजे हाडं भरणं मागे पडलं, आणि हाडं भरायचं वय नेमकं हेच, विशीपर्यंत जे भरेल त्यावर पुढचं आयुष्य काढायचं असतं. खेळाडूंमधल्या या त्रासाला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये रीतसर नाव दिलंय, रेड-एस म्हणतात, म्हणजे हे काही माझ्या मनातलं नाही. नडगीत दुखतंय का विचारा तिला. दुखत असेल आणि ती लपवत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते.

तीन महिने पाळी चुकली की डॉक्टर, हा नियम धरा, खेळत असो वा नसो. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड ते बघतीलच. तोपर्यंत भात परत चालू. तिला भाषण देऊ नका, पंधरा वर्षांची आहे, भाषण दिलंत की वरणपण बंद करेल. शाळा सुटल्यावर ग्राउंडला जायच्या आधीचा जो अर्धा तास आहे तो पकडा, तिथे डबा पाहिजे, मेतकूट-तूप-भात चालतो, थालीपीठ लोणी लावून चालतं, मैत्रिणींना पुरेल एवढं द्या म्हणजे ती एकटी खातेय असं वाटणार नाही. ही युक्ती माझी नाही, एका पेशंटच्या आईची आहे, आणि माझ्या चार्टपेक्षा जास्त चालली.

आणि सरांना तुम्ही दोघं जाऊन भेटा, तिच्या बाबांना पण न्या. भांडायला नको. एवढंच सांगा की तिच्या वजनाबद्दल तिच्याशी कुणी बोलायचं नाही, काही वाटलं तर आमच्याशी बोला. उपाशी पोरीचा सूर, म्हणजे खो-खोतली झेप, तिसऱ्या मिनिटाला कमी पडतो हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहिती असतं, फक्त कुणीतरी आठवण करून द्यावी लागते.

प्रश्न : ताई, आई ५२ वर्षांची आहे, मासे विकते. पहाटे साडेतीनला उठून ससून डॉकला जाते, पाटी घेऊन मार्केटला, दुपारी दोनपर्यंत उभी. आधी चांगली धष्टपुष्ट होती, गेल्या पाच महिन्यांत ब्लाउज सगळे सैल झालेत. जेवण कमी नाही, उलट आता जास्त जेवते. तोंडाला कोरड पडते म्हणते, रात्री तीन-चारदा उठते. डिंकाचे लाडू करून देऊ का, की अजून काही सुचवाल?

उत्तर : लाडू थांबवा. जास्त जेवून वजन उतरतंय, तहान लागतेय, रात्री लघवीला उठतेय, तर पहिला संशय शुगरचा. हे वाचलंत की उद्याच, मार्केटला जायच्या आधी नाही जमलं तर आल्यावर, जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात न्या. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याच्या वर, नाहीतर एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) साडेसहा किंवा त्याच्या वर आलं तर डायबेटिस धरतात, पण जेवून गेल्या असतील तरी परत येऊ नका, तशीही तपासता येते, आणि ही लक्षणं असताना जेवणानंतर २०० च्या वर आली तरी तेवढं पुरे असतं. उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं किंवा गुंगी, यातलं काही दिसलं तर दवाखान्याची वाट न बघता सरळ हॉस्पिटल.

आणि त्यांना विचारा पायाला कुठे चिरलंय-खुपसलंय का. डॉकवर अनवाणी किंवा सपातेत असतात, बर्फाच्या पाण्यात पाय, काटा लागला तर कळत पण नाही. पाय रोज रात्री तुम्ही स्वतः बघा, तळव्यापासून, बोटांच्या मधे.

रिपोर्ट आला की मला आकडा कळवा. लाडवांचं तेव्हा बघू.